गंज काँक्रीटच्या पोटात, निर्वाळा कागदावर

पावसाळा तोंडावर आला की मुंबई शहरात दरवर्षी धोकादायक इमारतींच्या याद्या प्रसिद्ध होतात. महानगरपालिका आपली यादी देते, म्हाडाचे दुरुस्ती मंडळ उपकरप्राप्त इमारतींची आपली यादी देते, रहिवाशांच्या हाती नोटिसा पडतात, आणि मग पाऊस सुरू होतो. पुढे ज्या इमारती कोसळतात त्यांतील काही या यादीत असतात, काही नसतात. यादीतील इमारत पडली तर रहिवाशांनी वेळेवर घरे सोडली नाहीत असे म्हणता येते. यादीबाहेरची पडली तर चौकशी समिती नेमता येते. या दोन्ही सोयीच्या उत्तरांनी एका साध्या प्रश्नाला मात्र बगल दिली जाते. एखादी इमारत किंवा एखादा पूल आतून किती पोखरला गेला आहे, हे तो पडण्यापूर्वी कळू शकते की नाही? कळू शकत असेल, तर ते जाणून घेण्याचे काम कोणाचे? आणि जे कळले ते, ज्यांच्या डोक्यावर ते छप्पर आहे, त्यांना सांगितले जाते काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध आहे. बव्हंशी कळू शकते, आणि तेही बांधकामाची मोडतोड न करता. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे तितकी समाधानकारक नाहीत. विज्ञानाने जे दिले ते वापरायचे नाही, वापरले तर अर्धवट वापरायचे, आणि अर्धवट वापरून जे हाती आले त्यावर ‘सुरक्षित’ किंवा ‘असुरक्षित’ असा एका शब्दाचा शिक्का मारून मोकळे व्हायचे, अशी आपल्याकडील रीत होऊन बसली आहे. या रीतीने माणसे मरतात, आणि याच रीतीने माणसे बेघरही होतात. म्हणून हा विषय केवळ अभियंत्यांवर सोपवून स्वस्थ बसण्याजोगा नाही.

आम्ही अभियंते नव्हे. पण ज्या गोष्टी दहावीच्या वर्गातील मुलाला समजावून सांगता येतात, त्या सुशिक्षित नागरिकाने समजून घेण्यास हरकत नसावी. काँक्रीट दाब उत्तम सोसते, परंतु ताण सोसत नाही. म्हणून त्याच्या पोटात पोलादी सळया घालतात. उघड्यावर चार पावसाळ्यांत तांबेरणारी ही सळई काँक्रीटच्या आत वर्षानुवर्षे निर्मळ राहते, याचे कारण सिमेंटचा तीव्र अल्कधर्म होय. त्याचा सामू बारा-तेराच्या घरात असतो आणि त्या वातावरणात पोलादावर एक अतिसूक्ष्म संरक्षक पापुद्रा धरतो. हा पापुद्रा शाबूत आहे तोवर सळई सुरक्षित असते. तो तुटला की पाणी व प्राणवायू आपले काम सुरू करतात.

त्याला तोडणारे शत्रू दोन. पहिला म्हणजे हवेतील कार्बन डाय ऑक्साइड. तो काँक्रीटच्या सूक्ष्म रंध्रांतून आत शिरतो आणि सिमेंटचा अल्कधर्म मारत मारत सळईपर्यंत पोचतो. त्याची चाल वर्षागणिक मंदावते. स्थूलमानाने, दुप्पट खोली गाठावयास त्याला चौपट काळ लागतो. याचा व्यवहारातील अर्थ असा की, सळईवरचे काँक्रीटचे आवरण, ज्याला बांधकामावरचे लोक ‘कव्हर’ म्हणतात, ते पंधराऐवजी तीस मिलिमीटर असेल, तर संरक्षण दुप्पट नव्हे, चौपट काळ टिकते. आपल्या १९७८ च्या मानकात स्लॅबच्या सळईवर सामान्य परिस्थितीत किमान १५ मिलिमीटर आवरण पुरेसे मानले होते. २००० सालच्या सुधारित मानकाने समुद्रकाठच्या उघड्या बांधकामासाठी ते ४५ मिलिमीटरपर्यंत नेले. मुंबईतील कितीतरी इमारती या दोन आकड्यांमधल्या काळात उभ्या राहिल्या, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रश्नाची व्याप्ती कळते.

दुसरा शत्रू मीठ. ते खाऱ्या वाऱ्याबरोबर बाहेरून येते. आणि जेथे खाडीची रेती न धुता वापरली किंवा मचूळ पाण्यात काँक्रीट कालवले, तेथे ते जन्मापासूनच आत असते. मिठातील क्लोराइड सळईवरील पापुद्र्याला सर्वत्र न तोडता जागोजागी भोक पाडते. त्या भोकाशी पोलाद खोल खोल खचत जाते. सरासरी झिजेच्या चौपट ते आठपट खोल असे खड्डे तेथे पडू शकतात.

सामान्य माणूस गंज ओळखतो तो भेगेवरून. गंज हा मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत अधिक जागा व्यापतो, त्यामुळे भोवतालचे काँक्रीट फुगते, तडकते आणि अखेर त्याचे पोपडे गळून पडतात. ही भेग पडण्यास फारसा गंज लागतच नाही. पोलादाची झीज माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा कमी असतानाच वरचे आवरण तडकू शकते. म्हणजे सर्वत्र पसरणाऱ्या गंजाच्या बाबतीत निसर्ग आपल्याला बराच आधी इशारा देतो. परंतु मिठाचा गंज तितका प्रामाणिक नाही. तो एका ठिकाणी सळई अर्धी खाऊन टाकील आणि पृष्ठभागावर केसाएवढी भेगही दाखवणार नाही. समुद्राने वेढलेल्या शहरात हे दोन्ही गंज एकाच इमारतीत सुखाने नांदत असतात. तेव्हा भेग नाही म्हणून भीती नाही, हे आपले घरगुती शास्त्र येथे उपयोगी पडत नाही. भेगेवर गिलावा थापून वर रंग दिला म्हणजे काम झाले, हे शास्त्र तर त्याहून घातक आहे.

मग न दिसणारा गंज पाहायचा कसा? यासाठीच्या मुख्य चाचणीस हाफ-सेल चाचणी असे नाव आहे. गंज ही मुळात एक विद्युत्-रासायनिक क्रिया; जेथे लोखंड गंजते तेथे एक चिमुकला विद्युत्घट चालू असतो. तांब्याची कांडी मोरचुदाच्या द्रावणात बुडवलेली एक नळी ओल्या स्पंजासह काँक्रीटच्या पृष्ठभागावर टेकवायची, तिची एक तार व्होल्टमापकाला जोडायची, मापकाची दुसरी तार एके ठिकाणी उघड्या केलेल्या सळईला जोडायची, आणि हातभर अंतराने ओळीने नोंदी घेत जायचे. मापकाने उणे २०० मिलिव्होल्टहून कमी ऋण आकडा दाखवला, तर त्या जागी गंज चालू नसण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून अधिक. उणे ३५० हूनही अधिक ऋण दाखवला, तर गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांहून अधिक. मधला प्रदेश संशयाचा. या नोंदी कागदावर मांडून समान आकड्यांची टोके जोडली, की शालेय भूगोलातील समोच्च रेषांसारखा एक नकाशा तयार होतो, आणि त्या नकाशात इमारतीच्या आजाराची केंद्रे दिसू लागतात. संपूर्ण खटाटोपात मोडतोड म्हणाल तर सळईला तार जोडण्यापुरते एक भोक, तेही नंतर बुजवायचे.

ही काही कालपरवाची जादू नव्हे. कॅलिफोर्नियातील सॅन मॅटिओ-हेवर्ड खाडीपुलाच्या सळया गंजू लागल्या, तेव्हा तेथील महामार्ग खात्यातील स्ट्रॅटफुल यांनी १९५० च्या दशकात ही रीत पुलावर वापरून दाखवली. १९७७ साली तिचे अमेरिकन मानक झाले. २०२१ साली भारतीय मानक ब्यूरोनेही आयएस ५१६ या मानकाच्या पाचव्या भागात तिला स्वतंत्र विभाग दिला. आपल्याच देशात तमिळनाडूतील कारैकुडी येथे १९५३ पासून विद्युत्-रसायनशास्त्राची राष्ट्रीय संशोधनशाळा आहे, आणि सळयांचा गंज हा तिच्या अभ्यासाचा विषय राहिला आहे. ज्ञान नव्हते, असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही.

या चाचणीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. कारण अपुऱ्या ज्ञानाइतकीच आंधळी श्रद्धाही वाईट. हाफ-सेल गंजाची शक्यता सांगते, वेग सांगत नाही. पाण्याने तुडुंब भिजलेल्या काँक्रीटमध्ये प्राणवायूच पोचत नसल्याने गंज जवळजवळ थांबलेला असतो, तरी तेथे आकडा मात्र भयंकर ऋण येऊ शकतो. म्हणून तिला सोबतीण चाचण्या लागतात. काँक्रीट विजेला किती विरोध करते हे चार टोकांच्या उपकरणाने मोजता येते. हा रोध २० किलोओहम-सेंटिमीटरच्या वर असेल तर गंजाला फारसा वाव नाही, पाचाच्या खाली असेल तर त्याला मोकळे रान आहे. सळईला अत्यल्प विद्युत्प्रवाह देऊन गंजाचा वेगही काढता येतो. त्याच्या परिमाणात दर चौरस सेंटिमीटरला एक मायक्रोअँपिअर म्हणजे वर्षाला सुमारे ०.०११६ मिलिमीटर झीज. आकडा किरकोळ दिसतो, पण केसाच्या जाडीशी तो ताडून पाहिला म्हणजे पाच-सात वर्षांत काय होईल ते कळते. सळईवरचे आवरण किती जाड आहे, हे चुंबकीय उपकरण बाहेरूनच सांगते. आणि हवेचा शत्रू किती आत आला हे पाहण्यासाठी, ज्याने शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ल व अल्क यांचे अनुमापन केले आहे त्याला चांगले ठाऊक असलेले, फिनॉल्फ्थॅलीन पुरते. ताज्या फोडलेल्या कपारीवर ते शिंपडले की जिवंत काँक्रीट गुलाबी होते आणि अल्कधर्म गमावलेले काँक्रीट रंगहीन राहते. गुलाबी रेषा सळईच्या मागे सरकलेली दिसली, तर संरक्षण संपले असे समजावे.

आता आपल्याकडील अहवालांत काय असते ते पाहा. बहुसंख्य गृहनिर्माण संस्थांच्या हाती जो ‘स्ट्रक्चरल ऑडिट’चा अहवाल पडतो, त्यात भिंतींची व सज्जांची छायाचित्रे भरपूर असतात, आणि मोजमाप म्हणून बहुधा दोन गोष्टी असतात: ज्याच्या दांड्याची उसळी पाहून काँक्रीटचा कठीणपणा ठरवतात तो रिबाउंड हॅमर, आणि काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडून त्यांचा वेग मोजण्याची अल्ट्रासॉनिक चाचणी. दोन्ही उपयुक्त आहेत. पण दोन्ही मुख्यतः काँक्रीटविषयी बोलतात. सळईच्या गंजाविषयी त्या प्रत्यक्ष काही सांगत नाहीत. किंबहुना हॅमरच्या बाबतीत एक विलक्षण विपर्यास घडतो. कार्बन डाय ऑक्साइड शिरलेल्या काँक्रीटचा पृष्ठभाग अधिक कठीण होतो आणि हॅमर अधिक उसळतो. म्हणजे ज्या क्रियेने सळईचे संरक्षण नष्ट केले, त्याच क्रियेमुळे इमारतीला अधिक गुण मिळतात! ज्वर चढल्याने गाल लाल झालेल्या रोग्याला पाहून ‘प्रकृती सुधारली’ म्हणावे, त्यातलाच हा प्रकार. पालिकेच्या मार्गदर्शक सूचनांत हाफ-सेल आणि कार्बनशिरकाव या चाचण्यांची नावे आहेत, हे खरे. पण सूचनेत नाव असणे आणि प्रत्येक खांबाची नोंद अहवालात असणे यांत जे अंतर आहे, त्याच अंतरात अपघात दबा धरून बसतात.

हे आम्ही कल्पनेने म्हणत नाही. २०१८ च्या ३ जुलैस अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग भल्या सकाळी रेल्वेरुळांवर कोसळला. पूल १९७५ चा. गंजलेल्या सळया आणि पादचारी मार्गावर वर्षानुवर्षे चढत गेलेले केबलींचे व फरशांचे ओझे अशी कारणे रेल्वेच्या चौकशीत पुढे आली. त्या वेळी मोठी धावपळ झाली. मुंबईतील ४४५ पुलांची तपासणी करण्याची घोषणा रेल्वेमंत्र्यांनी केली. त्यानंतर अवघ्या आठ महिन्यांनी, २०१९ च्या १४ मार्चला, ऐन गर्दीच्या संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पूल माणसांसह खाली आला. तो तर तपासणीतून गेलेला पूल होता. किरकोळ दुरुस्ती पुरेशी आहे, असा निर्वाळा त्याला मिळाला होता. ज्या पुलाची तपासणीच झाली नाही तो पडला तर आपण दुर्लक्षाला दोष देतो. पण तपासणी होऊन ‘उत्तीर्ण’ ठरलेला पूल पडतो, तेव्हा तपासणी या शब्दाचा अर्थच पुन्हा तपासावा लागतो. पाहणी म्हणजे मोजणी नव्हे. गंज डोळ्यांना दिसण्यापूर्वीच मोजला पाहिजे, आणि मोजलेला आकडा कागदावर असला पाहिजे. तरच उद्या तो चुकीचा होता की बरोबर, हे तिसऱ्याला पडताळता येईल.

आमचे शेजारी गोमंतकीय बांधव हा धडा फार पूर्वी शिकले. पणजीच्या मांडवी नदीवरील पूल १९७० साली रहदारीस खुला झाला आणि १९८६ च्या जुलैत कोसळला. वय जेमतेम सोळा वर्षांचे. त्या पुलातील ताण दिलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. त्यापुढे कित्येक वर्षे लोकांना फेरीबोटीवर अवलंबून राहावे लागले. झुआरीवरील १९८३ च्या पुलाची प्रकृतीही पुढे अशी ढासळली की जड वाहनांना त्यावर मज्जाव करावा लागला. शेजारी नवा पूल २०२२ च्या अखेरीस खुला झाला. ठाण्याच्या खाडीवरील १९७३ च्या पहिल्या वाशी पुलाच्या तारांनाही गंजाने गाठले होते. याच सुमारास, १९८५ च्या डिसेंबरात, वेल्समधील एक छोटा पूल कसलीही पूर्वसूचना न देता खाली बसला. कारण तेच, नळ्यांतल्या तारांचा गंज. त्यात कोणी दगावले नाही. तरीही १९९२ ते १९९६ अशी चार वर्षे ब्रिटनने त्या पद्धतीचे नवे पूल बांधण्यावर बंदी घातली आणि आपल्या रीती सुधारल्या. जिनोआचा मोरांदी पूल २०१८ च्या ऑगस्टमध्ये ४३ माणसांचा बळी घेऊन पडला; तेथेही काँक्रीटने वेढलेले पोलाद आत गंजत होते. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या कारोला पुलाचा एक भाग २०२४ च्या सप्टेंबरात पहाटे नदीत कोसळला. तेथेही बिघाड ताणलेल्या तारांतच होता. श्रीमंत देशांतही असे घडते, हे आपल्या सांत्वनाचे कारण नव्हे. अशा पुलांत तारा धातूच्या नळीत बंद असल्याने साध्या हाफ-सेल चाचणीला त्या दिसत नाहीत. त्यांच्यासाठी ध्वनीच्या व चुंबकाच्या अधिक अवघड रीती लागतात, हा त्यातला बोध आहे. ज्या बांधकामाला जी चाचणी लागू पडत नाही ती करून निर्वाळा देणे, हे न केलेल्या तपासणीहून वाईट.

मांडवीच्या सोळा वर्षांवरून आणखी एक गोष्ट ध्यानी येते. आपला कायदा वय मोजतो. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या ३५३-ब या कलमान्वये तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचना-तपासणी बंधनकारक आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतींना दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्यांना दर तीन वर्षांनी तपासणी सांगितली आहे. नियम चांगले आहेत. परंतु गंज कोणाचा जन्मदाखला पाहून येत नाही. तो आवरणाची जाडी, रेतीतील मीठ आणि संडास-मोरीची गळती पाहून येतो. साठ वर्षांची नीट बांधलेली चाळ ठणठणीत असू शकते आणि खाडीकाठचा बारा वर्षांचा मनोरा आतून पोखरलेला असू शकतो.

येथवर आम्ही जिवाच्या धोक्याविषयी लिहिले. नाण्याला दुसरी बाजूही आहे, आणि मुंबईकरांना ती अधिक परिचयाची आहे. पालिकेने इमारतींचे जे वर्ग पाडले आहेत, त्यांतील ‘सी-१’ म्हणजे राहण्यास अयोग्य, रिकामी करून पाडावी अशी इमारत. हे एक अक्षर आणि एक आकडा मिळून शेकडो कुटुंबांच्या आयुष्याची दिशा बदलून टाकतात. जमिनीचे भाव आकाशाला भिडलेल्या शहरात इमारत पडण्यात कोणाचे ना कोणाचे हित गुंतलेले असतेच. मालकाने नेमलेला अभियंता ‘पाडा’ म्हणतो, भाडेकरूंनी नेमलेला ‘दुरुस्त करा’ म्हणतो, आणि दोघांच्याही अहवालांवर सही-शिक्के असतात. असे परस्परविरोधी अहवाल इतके वाढले की, २०१४ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर अशा वादांसाठी पालिकेला तांत्रिक सल्लागार समितीची व्यवस्था करावी लागली. एकाच खांबाविषयी दोन विद्वानांचे टोकाचे मतभेद व्हावेत, इतके हे शास्त्र संदिग्ध आहे काय? मुळीच नाही. मतभेद होतात ते मते मांडली जातात म्हणून. मोजमापे मांडली गेली असती तर ती दुसऱ्याने त्याच खांबावर, त्याच खुणेवर पुन्हा घेऊन पाहिली असती. जो आकडा जीव वाचवतो तोच आकडा घरही वाचवू शकतो, हे रहिवाशांनी नीट ओळखले पाहिजे. मोजमापाची भीती ज्याला वाटते, त्याच्या हेतूची चौकशी अवश्य करावी.

मात्र सगळा दोष पालिकेच्या आणि अभियंत्यांच्या माथी मारून आपण सुशिक्षित मंडळींनी हात झटकणे शोभणार नाही. आपल्या संस्थेच्या वार्षिक सभेचे चित्र डोळ्यांपुढे आणा. रंग कोणता द्यावा यावर तासभर चर्चा होते. तपासणीचा विषय निघाला की, ‘सर्वांत कमी निविदा कोणाची?’ हा एकच प्रश्न उरतो. ज्याने दहा चाचण्या सुचवल्या तो महाग ठरतो, आणि ज्याने जिना चढून उतरून पत्र दिले तो स्वस्त ठरतो. गच्चीची गळती वरच्या मजल्याची, संडासाची गळती दोन शेजाऱ्यांची, आणि खांब कोणाचाच नाही, अशी आपली वाटणी असते. सज्जे आत घेऊन आपण खोल्या मोठ्या करतो, खिडकीच्या जाळीत कुंड्यांची बाग फुलवतो, आणि भेगेत पिंपळ उगवला की पापभीरूपणाने त्याला हात लावत नाही. मग एके दिवशी पोपडा पडला की ठेकेदार येतो, तेवढी जागा खरवडून नवे मसालेदार काँक्रीट भरतो, आणि आपण निश्चिंत होतो. येथेही शास्त्र आपली फजिती करते. नव्या ठिगळाखालची सळई सुरक्षित झाली की ठिगळाच्या कडेची, जुन्या खाऱ्या काँक्रीटमधली सळई अधिक वेगाने गंजू लागते. म्हणूनच तीन वर्षांपूर्वी दुरुस्त केलेल्या जागेच्या शेजारीच पुन्हा पोपडे का पडतात, याचे आपल्याला कोडे पडते. रोग किती पसरला हे मोजल्यावाचून केलेली दुरुस्ती ही अशी नुसती जागा बदलते.

खर्चाचा बागुलबुवाही येथेच पुरून टाकावा. डी सिटर या अभियंत्याने १९८४ साली एक ढोबळ पण बोलका हिशोब मांडला होता: बांधताना नीट खर्च केलेला एक रुपया वाचवला, तर पुढे देखभालीत पाच, गंज सुरू झाल्यावर दुरुस्तीत पंचवीस आणि फारच उशीर केला तर सव्वाशे रुपये मोजावे लागतात. एका संस्थेच्या बाहेरील रंगकामाच्या खर्चाशी या चाचण्यांचा खर्च ताडून पाहावा. मग स्वस्त काय आणि महाग काय, याचा निवाडा सभासदांनीच करावा.

तेव्हा करावयाचे काय? आमच्या मते चार गोष्टी तातडीने कराव्यात, आणि त्यांसाठी नव्या कायद्याचीही वाट पाहण्याचे कारण नाही. पहिली: प्रत्येक तपासणी अहवालाला मोजमापांचा तक्ता व ती कोठे घेतली याचा नकाशा जोडलेला असलाच पाहिजे. आवरणाची जाडी, कार्बनशिरकाव, क्लोराइडचे प्रमाण, हाफ-सेलचे आकडे आणि काँक्रीटचा विद्युत्-रोध यांच्या नोंदींवाचून आलेला अहवाल पालिकेने स्वीकारूच नये. दुसरी: पुढील तपासणी त्याच खुणांवर व्हावी, कारण एका दिवसाच्या आकड्यापेक्षा पाच वर्षांतला त्याचा कल अधिक सांगतो. तिसरी: तपासणी करणाऱ्याचा मोबदला, ज्याचे हित त्या निकालात गुंतले आहे, त्याच्या हातून जाऊ नये, पालिकेने नोंदणीकृत तज्ज्ञांच्या यादीतून पाळीपाळीने नेमणूक करावी आणि काही टक्के अहवालांची फेरतपासणी शासकीय तंत्रशिक्षण संस्थांकडून अचानक करवून घ्यावी. चौथी, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची: सार्वजनिक पुलांची ही मोजमापे लोकांना पाहण्यास खुली असावीत. अमेरिकेत १९६७ च्या डिसेंबरात सिल्व्हर ब्रिज कोसळून ४६ माणसे मेली. त्यानंतर तेथे पुलांच्या नियतकालिक तपासणीचे राष्ट्रीय नियम झाले, आणि आज कोणाही नागरिकाला आपल्या गावच्या पुलाची गुणपत्रिका पाहता येते. आपल्याकडे शाळकरी मुलाची गुणपत्रिका पालकाच्या सहीवाचून परत जात नाही. मग ज्या पुलावरून ते मूल रोज शाळेत जाते, त्या पुलाची गुणपत्रिका पालकाने का पाहू नये?

या मागण्यांवर ‘लोकांत घबराट पसरेल’ हा आक्षेप घेतला जाईल. तो आम्हांला मान्य नाही. घबराट अज्ञानाने पसरते. उणे तीनशे पन्नास या आकड्याचा अर्थ कळलेला माणूस घाबरत नाही. तो दुरुस्तीचा ठराव मांडतो. आणि ज्याला काहीच सांगितलेले नसते, तो पहिल्या पावसाच्या रात्री छताकडे पाहत जागा राहतो, किंवा जागाच राहत नाही.

यंदाही याद्या निघतील, नोटिसा लागतील. त्या वाचताना प्रत्येक वाचकाने आपल्या संस्थेच्या कार्यालयात जाऊन गेल्या तपासणीचा अहवाल मागून घ्यावा, आणि त्यात छायाचित्रांखेरीज सळईविषयी एक तरी आकडा आहे काय, ते पाहावे. आकडा नसेल तर तो अहवाल नव्हे. ती केवळ पोच आहे. गंज काँक्रीटच्या पोटात मुकाट्याने आपले काम करीत असतो. त्याला बोलते करणारी साधने आपल्यापाशी आहेत. आता त्याची साक्ष नोंदवून घ्यायची की नाही, एवढेच ठरवायचे उरले आहे. आणि ते ठरवण्याचा अधिकार, तसेच न ठरवल्याची जबाबदारी, पालिकेइतकीच आपलीही आहे.